वॉर्डातले वायरलेस फोन: कंट्रोलरवरच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सोलापूर. ट्रस्टचं रुग्णालय, पाच मजले, एक जुनी विंग, एक नवी. ६४ ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे), त्यांना चालवणारे अरुबा कंपनीचे दोन कंट्रोलर, ४६ वायरलेस हँडसेट (वायफायवरचे फोन). हँडसेट सिस्टर, ब्रदर आणि वॉर्डातल्या मामा-मावशींकडे असतात. आम्हा नेटवर्कवाल्यांकडे तक्रार आली ती तीन शब्दांची, ‘फोनवर आवाज तुटतो’. आज ती मेट्रनबाईंच्या तोंडून नीट ऐकली.

त्या म्हणाल्या, "ताई, रात्री डॉक्टर घरून फोनवर डोस सांगतात. आवाज तुटला की पंधरा काय आणि पन्नास काय, सारखंच ऐकू येतं. माझ्या मुली दोनदा विचारतात, तीनदा विचारतात. डॉक्टर चिडतात. तरी मुली विचारतात, म्हणून आजवर काही झालेलं नाही."

हे मी वहीच्या पहिल्या पानावर जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्यांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती, तिच्याखाली रेघ मारली आहे: डॉक्टरांना सिस्टरचा आवाज स्पष्ट जातो, सिस्टरला मात्र डॉक्टरांचा तुटक येतो. बिघाड दोन्ही दिशांना सारखा नाही.

सध्याची स्थिती. सगळं रुग्णालय एकाच एसएसआयडीवर, म्हणजे वायफायच्या एकाच नावावर, चालतं. पासवर्ड एकच, आणि तो तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सिंग स्टेशनच्या काचेला आतून चिकटवलेला. पासवर्ड टाकणाऱ्या प्रत्येकाला एकच रोल (कुणाला कुठवर पोचता येईल याचे नियम) मिळतो आणि त्या रोलमध्ये एकच ओळ आहे, सगळ्यांना सगळीकडे मोकळं. आयसीयूतल्या सिस्टरचा फोन, पेशंटच्या भावाचा मोबाइल आणि बिलिंगचा लॅपटॉप एकाच रांगेत उभे आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर मजले पालथे घातले. आवाजासाठी सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली जाऊ नये आणि गोंगाटाच्या वर किमान २५ डीबी असावा, हा धरून चाललेला निकष. नवी विंग बरी आहे. जुन्या विंगच्या भिंती दीड फुटाच्या, तिथे लिफ्टची लॉबी आणि रक्तपेढीचा जिना कच्चे निघाले. एक्स-रे विभागाच्या दारात शिसं आहे, तिथे आतबाहेर वेगळे पॉइंट लागणारच.

फोन फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवायचे ठरवलं. भारतात २०१८ पासून ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झचा पट्टाही परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे चॅनेल भरपूर झाले. पण तिथे रडार दिसलं की ॲक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावाच लागतो आणि चालू कॉल अधांतरी राहतो. म्हणून आवाजासाठी ३६, ४०, ४४, ४८ आणि वर १४९ ते १६५. एकूण नऊ चॅनेल, २० मेगाहर्ट्झ रुंदीचे. पाच मजल्यांना पुरतात.

‘इंटरनेट लाइन वाढवून घ्या’ असा सल्ला या रुग्णालयाला आधी मिळाला होता. त्यांनी लाइन दुप्पट केली, फरक पडला नाही. पडणार नव्हताच. जी.७११ मध्ये (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) एका कॉलची दर सेकंदाला ५० पॅकेट जातात आणि तेवढीच येतात. एकेक पॅकेट २०० बाइटचं, म्हणजे एका दिशेला ८० किलोबिट. यात जड काहीच नाही. अट आहे ती वेळेची. दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट पोचलं पाहिजे आणि हवेत बोलायची पाळी वेळेवर मिळाली पाहिजे. इथे अडतं ते पाळीपाशी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कंट्रोलरला हात लावला नाही. आयटीचे दोघे, बायोमेडिकलचे एक आणि मेट्रनबाई यांच्यासोबत बसून रोल कागदावर काढले. फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: कामासाठी कुणाला कुणापर्यंत पोचावं लागतं?

हँडसेटला ईपीएबीएक्स (रुग्णालयाचं टेलिफोन एक्स्चेंज) लागतो, सेटिंगची फाइल देणारा सर्व्हर लागतो, डीएचसीपी (नेटवर्कवरचा पत्ता देणारी सेवा) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) लागतात. घड्याळासाठी एनटीपीही लागतं, कारण घड्याळ चुकलं तर सर्टिफिकेटची (डिजिटल ओळखपत्राची) मुदत त्याला ओळखता येत नाही. इंटरनेट लागत नाही. बिलिंग लागत नाही. नर्सिंगच्या टॅबला रुग्णनोंदीचा सर्व्हर लागतो, बाकी काही नाही. मॉनिटर आणि इन्फ्यूजन पंप फक्त त्यांच्या गेटवेशी बोलतात. डॉक्टरांचे स्वतःचे मोबाइल आणि नातेवाइकांचे मोबाइल, हे आणखी दोन रोल.

चर्चा लांबली ती हँडसेट ओळखायचा कसा यावर. आयटीचं म्हणणं, मॅक पत्त्याचे (उपकरणाच्या नेटवर्क-क्रमांकाचे) पहिले तीन अंक-जोड बनवणाऱ्याची ओळख सांगतात, त्यावरून रोल देऊन टाकू. कंट्रोलरला तसा नियम देता येतो आणि तो पाच मिनिटांचं काम आहे. पण मॅक पत्ता कुठल्याही लॅपटॉपवर बदलता येतो. ज्या रोलला हवेतला सर्वांत वरचा मान आणि ईपीएबीएक्सपर्यंत वाट मिळणार आहे, तो एवढ्यावर द्यायचा नाही. दुसरी बाजू अशी की एकच हँडसेट तीन पाळ्यांत तीन सिस्टर वापरतात, त्यामुळे माणसाच्या नावाचं लॉगिन इथे बसत नाही. ओळख हँडसेटचीच हवी. प्रत्येक हँडसेटमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट, ८०२.१एक्सने (नेटवर्कच्या दाराशी ओळख तपासायची पद्धत) पडताळणी, आणि रोलचं नाव रेडियस सर्व्हरकडून (ओळख तपासणारा सर्व्हर) यायचं, असं ठरलं. ४६ हँडसेट हाताने भरावे लागतील. भरू.

मेट्रनबाईंनी शेवटी विचारलं, "म्हणजे फोन चोरीला गेला तर?" सर्टिफिकेट रद्द केलं की तो हँडसेट नेटवर्कला परका, असं सांगितलं. दोन वर्षांत पाच हँडसेट गेले आहेत, हे तेव्हा कळलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आयटीच्या खोलीत टेबलावर एक ॲक्सेस पॉइंट आणि तीन हँडसेट लावून सुरुवात. हँडसेट नेटवर्कला लागले, पण तिन्हींना चुकीचा रोल. रेडियसवर नावात हायफन, कंट्रोलरवर अंडरस्कोर. पाठवलेलं नाव कंट्रोलरला सापडलं नाही की तो प्रोफाइलमधला ठरलेला रोल देऊन मोकळा होतो. आम्ही ठरलेला रोल जुनाच, सगळं मोकळं असलेला, राहू दिला होता. त्यामुळे फोन छान चालत होते आणि चूक झाकली गेली होती.

नाव दुरुस्त केलं. त्याहून महत्त्वाचं, ठरलेला रोल बदलून असा केला की त्यात फक्त डीएचसीपी आणि डीएनएस चालेल. यापुढे नाव चुकलं तर फोन बंद पडेल आणि चूक लगेच दिसेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस या कामातला सर्वांत अवघड.

खऱ्या रोलमध्ये हँडसेट आले. नोंदणी झाली, रिंग वाजली, उचलला, आणि दोन्हीकडे शांतता. आवाज नावाला नाही.

एसआयपी हे फक्त बोलावणं आहे. कुणी कुणाला फोन केला, उचलला, ठेवला, एवढंच त्यात चालतं. आवाज आरटीपीने वेगळ्या वाटेने जातो, आणि ती वाट कुठल्या पोर्टवर हे दोन्ही फोन त्या बोलावण्यातच एकमेकांना कळवतात. कंट्रोलरमधला व्हॉइस एएलजी हा भाग हे बोलणं वाचतो, पोर्ट उचलतो आणि तेवढ्या कॉलपुरती तेवढीच वाट उघडतो. कॉल संपला की बंद. म्हणून रोलमध्ये एसआयपीची ओळ लिहिली की आवाजासाठी वेगळी ओळ लागत नाही. माझ्या रोलमध्ये आवाजाची वेगळी ओळ नव्हती.

सेशन टेबल (कंट्रोलरमधून चाललेल्या जोडण्यांची यादी) काढलं. आवाजाच्या प्रत्येक यूडीपी सेशनपुढे नकाराची ‘डी’ खूण. कॉल म्हणून ओळखल्याची ‘व्ही’ खूण कुठेच नाही. म्हणजे एएलजीने बोलावणं वाचलंच नव्हतं. मग पोर्ट पाहिला: उघड्या एसआयपीचा ५०६० नाही, ५०६१. गेल्या वर्षी ईपीएबीएक्स बदलला तेव्हा बोलावणं टीएलएसमध्ये (मजकूर सांकेतिक करायची पद्धत) गुंडाळलं गेलं. बंद पाकीट आहे, कंट्रोलरला आत काय लिहिलंय ते दिसत नाही. जुन्या रोलमध्ये सगळंच मोकळं होतं, तेव्हा कुणाला हे जाणवायचं कारण नव्हतं.

ऑफिसमधल्या सहकाऱ्याशी फोनवर बोलले. त्याचा सल्ला, टीएलएस काढून टाक, अर्ध्या तासात मोकळी होशील. मला ते पटलं नाही. रुग्णालयात कुणी कुणाला फोन केला हे सगळं त्या बोलावण्यात असतं. माझी फायरवॉल सोपी व्हावी म्हणून ते उघड्यावर आणायचं नाही.

शेवटी असं केलं. ईपीएबीएक्समध्ये आवाजाचे पोर्ट १०००० ते १०९९९ एवढ्यावर बांधले, हँडसेटच्या सेटिंग फाइलमध्येही तेच. रोलमध्ये दोन ओळी वाढवल्या: या पोर्टांवर हँडसेट ते ईपीएबीएक्स, आणि हँडसेटच्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) आपापसांत. दोन्हींना वरची रांग. याखाली काही लिहायची गरज नाही, रोलच्या शेवटी नकार गृहीत असतोच. ओळींचा क्रम मात्र दोनदा तपासला, कारण कंट्रोलर वरून खाली वाचतो आणि पहिली जुळणारी ओळ लागू करतो.

याची किंमत आहे आणि ती लिहून ठेवते. एएलजीला कॉल दिसत नाहीत, म्हणून एका ॲक्सेस पॉइंटवर किती कॉल चालू आहेत हे तो मोजू शकत नाही, आणि त्या मोजणीवर बसवलेली कॉलमर्यादा निकामी होते. त्याऐवजी डब्ल्यूएमएमची (वायफायमधल्या रांगांची पद्धत) टीस्पेक वापरायची, म्हणजे कॉलच्या आधी हँडसेट स्वतः हवेत जागा मागतो. हे हँडसेट ते करतात, तपासून पाहिलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅंडलाइनशी बोलणं नीट, ऑपरेटरशी नीट, पण हँडसेट ते हँडसेट शांतता. काल नवे व्हर्च्युअल एपी (एकेका एसएसआयडीची सेटिंग) करताना मी गेस्टचा नमुना प्रत घेऊन वापरला होता, त्यात एका युजरने दुसऱ्याशी बोलू नये हा पर्याय चालू होता. गेस्टसाठी तो हवाच. हे हँडसेट मात्र कॉल लागल्यावर आवाज ईपीएबीएक्सला वळसा घालून थेट एकमेकांना पाठवतात. फक्त आवाजाच्या एसएसआयडीवर तो काढला. वीस मिनिटांचं काम.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रनबाईंच्या पंधरा-पन्नासचं मूळ आज हाती लागलं.

ईपीएबीएक्स आवाजाच्या प्रत्येक पॅकेटवर डीएससीपी ४६ ही खूण लावतो, ‘हे आधी जाऊ द्या’ अशी. ईपीएबीएक्सच्या पोर्टवर पॅकेट पकडलं, ४६ दिसलं. कंट्रोलरच्या तोंडाशी पकडलं, शून्य. मधल्या स्विचचा तो पोर्ट खुणेवर विश्वास ठेवायला सांगितलेला नव्हता, म्हणून तो खूण पुसून पुढे पाठवत होता. म्हणजे आजवर वॉर्डाकडे येणारा आवाज आणि गेस्टचे व्हिडिओ एकाच रांगेत होते. वॉर्डातून बाहेर जाणारा आवाज मात्र हँडसेट स्वतःच वरच्या रांगेत घालतो. म्हणून डॉक्टरांना सिस्टर स्पष्ट आणि सिस्टरला डॉक्टर तुटक. डॉक्टर का चिडत होते तेही समजलं. त्यांच्या कानाला तर काहीच बिघाड नव्हता.

स्विच दुरुस्त केला आणि हवेतलं पॅकेट पकडलं. अजूनही आवाज आवाजाच्या रांगेत नाही, व्हिडिओच्या रांगेत.

वायफायच्या चार रांगा असतात: आवाज, व्हिडिओ, सर्वसाधारण, मागची. कुठली ते ० ते ७ या आकड्यावरून ठरतं. ६ आणि ७ आवाज, ४ आणि ५ व्हिडिओ. वेगळं सांगितलं नाही तर डीएससीपीच्या सहा बिटांपैकी पहिले तीन घेऊन आकडा काढला जातो. ४६ म्हणजे १०१११०. पहिले तीन १०१, म्हणजे ५. झालं, व्हिडिओ. तारेच्या आणि हवेच्या मोजणीतली ही फट इतकी जुनी आहे की २०१८ मध्ये आरएफसी ८३२५ (इंटरनेटच्या पद्धती ठरवणारा दस्तऐवज) त्यासाठीच निघाला. ४६ ला सरळ ६ द्या, असं त्यात सांगितलं आहे.

फरक किती? पाळीसाठी आवाजाची रांग ० ते ३ मधला एक आकडा उचलते आणि तेवढे ठोके थांबते. व्हिडिओची ० ते ७, सर्वसाधारण ० ते १५. रिकाम्या मजल्यावर काहीच जाणवत नाही. संध्याकाळी भेटायच्या वेळी, जेव्हा प्रत्येक खाटेजवळ तीन मोबाइल असतात, तेव्हा एकेक अक्षर गळायला लागतं.

एसएसआयडी प्रोफाइलमध्ये आवाजाच्या रांगेपुढे ४६ लिहिलं. पुन्हा पकडलं, ६.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती, ओपीडी बंद. सकाळपासून दोन मजले नव्या एसएसआयडीवर आणले. बाहेर मिरवणुकीचे ढोल सुरू होण्याआधी चालण्याची चाचणी उरकायची होती.

चाचणी साधी. एक ब्रदर हँडसेट कानाला लावून कॅज्युअल्टीपासून आयसीयूपर्यंत एक ते शंभर मोजत चालतो, मी दुसऱ्या टोकाला ऐकते आणि गळलेले आकडे लिहिते. पहिल्या फेरीत सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास गेले. दुसऱ्या फेरीत तो अंमळ भराभर चालला तर एक्केचाळीसपासून तीन. आकडे वेगळे, जागा तीच, दुसऱ्या मजल्याचं दार.

कंट्रोलरचा लॉग पाहिला. त्या दारापाशी हँडसेट ८०२.१एक्सची पडताळणी पहिल्यापासून करत होता. ८०२.११आर (चालता चालता ॲक्सेस पॉइंट झटपट बदलायची सोय) चालू असताना तसं व्हायला नको, किल्ली आधीच पुढच्या ॲक्सेस पॉइंटकडे पोचलेली असते. दुसरा मजला वेगळ्या एपी ग्रुपमध्ये (ॲक्सेस पॉइंटांचा गट) आहे आणि तिथल्या प्रोफाइलमध्ये मोबिलिटी डोमेनचा आकडा वेगळा पडला होता. हँडसेटच्या लेखी दार ओलांडलं की दुसरं गाव. दोन्हीकडे एकच आकडा केला. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फेरीत शंभरच्या शंभर.

त्या ब्रदरने नंतर तेच आकडे तेलुगूत मोजून दाखवले. म्हणाला, "आमच्या वॉर्डात अर्धे पेशंट तेलुगू बोलतात, मॅडम, तेही नीट गेलं पाहिजे." गेलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बायोमेडिकलची हरकत: त्यांचे इन्फ्यूजन पंप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांच्यासाठी वेगळा एसएसआयडी, वेगळा रोल, गेटवेपुरती परवानगी. वाद नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काल रात्री सर्जिकल वॉर्डात बसले. पहाटे चारच्या सुमारास तीन हँडसेट बॅटरी संपून बंद. जुन्या नेटवर्कवर हेच हँडसेट सकाळी आठपर्यंत टिकायचे, असं सिस्टर म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. आवाज सुधारला आणि फोनच मेला तर काय उपयोग.

हँडसेट झोपतो आणि ठरलेल्या बीकनला (ॲक्सेस पॉइंटच्या नियमित इशाऱ्याला) उठून आपल्यासाठी काही आहे का बघतो. आवाजाच्या व्हीलॅनमध्ये टेबलावरचे जुने फोन होतेच, शिवाय कुणीतरी कधीतरी जोडलेले कॅमेरेही निघाले. सगळे मिळून एआरपीच्या (‘हा पत्ता कुणाचा?’ अशा) हाका मारत होते आणि प्रत्येक हाकेला हँडसेट जागा होत होता. कॅमेरे त्यांच्या व्हीलॅनला पाठवले, डीटीआयएम (कितव्या बीकनला उठायचं तो आकडा) १ वरून २ केला, आणि एआरपीची हाक ज्याच्यासाठी आहे त्यालाच पोचवायची सोय चालू केली.

सगळंच ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट (सगळ्यांना किंवा एका गटाला एकदम पाठवलेलं) अडवायचा पर्याय शेजारीच होता. तो घेतला नाही. कोड ब्लूचं (पेशंटचं हृदय बंद पडल्याची तातडीची हाक) ग्रुप पेज मल्टिकास्टने जातं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

एका ज्येष्ठ डॉक्टरांची मागणी आली. त्यांच्या मोबाइलवर ईपीएबीएक्सचं ॲप आहे, तर तो मोबाइल हँडसेटच्या रोलमध्ये घ्या, आवाज चांगला येईल. मागणी चूक नाही. पण त्या मोबाइलवर ॲपखेरीज चाळीस गोष्टी असतात, आणि कुठलंही ॲप आपल्या पॅकेटवर ४६ लिहू शकतं. खुणेवर विश्वास ठेवायला स्विचला मीच सांगितलं आहे. मग ती खूण कुणी लावावी हे नेमकं ठरवायलाच हवं.

हँडसेटच्या रोलमधल्या आवाजाच्या ओळींत मी आतापर्यंत फक्त परवानगी आणि रांग दिली होती. आज त्यात कंट्रोलरने स्वतः ४६ लावावं असं घातलं. डॉक्टरांच्या मोबाइलसाठी निराळा रोल केला. ईपीएबीएक्सच्या आवाजाच्या पोर्टांकडे जाणाऱ्या पॅकेटला ४६, बाकी सगळ्याला शून्य, पॅकेट स्वतःबद्दल काहीही सांगत असो. गेस्टला सरसकट शून्य आणि माणशी ठरावीक बँडविड्थ. मान मिळतो तो रोलमुळे आणि कामामुळे, दाव्यामुळे नाही. डॉक्टरांना हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी कॉल करून आवाज ठीक असल्याचं कळवलं.

१ मार्च, शनिवार

जुना एसएसआयडी बंद करायचा दिवस. बंद करण्याआधी त्यावर कोण उरलंय ते काढलं. कँटीनचा बिल प्रिंटर, हजेरीचं यंत्र आणि एक ईसीजी मशीन, जे कुणाच्याच यादीत नव्हतं. ईसीजी मशीन बायोमेडिकलच्या रोलमध्ये हलवलं. दुपारी साडेतीनला जुनं नाव हवेतून गेलं. नर्सिंग स्टेशनच्या काचेवरचा कागद एका मावशींनी ओल्या फडक्याने काढला.

३ मार्च, सोमवार

पहिला कंट्रोलर मुद्दाम बंद केला. चालू असलेल्या चार कॉलपैकी चारही टिकले, दोघांना क्षणभर खंड जाणवला. दोन्ही कंट्रोलरच्या सेटिंगची प्रत आयटीच्या कपाटात आणि एक बाहेर. सर्टिफिकेटची मुदत संपायच्या साठ दिवस आधीची तारीख आयटी, मेट्रनबाई आणि मी, तिघांच्या कॅलेंडरमध्ये टाकली.

संध्याकाळी भेटायच्या वेळी, सगळा मजला माणसांनी भरलेला असताना, मेट्रनबाईंनी ऑपरेटरच्या खोलीतून आयसीयूला फोन लावला आणि औषधांची नावं न घेता नुसते आकडे वाचले. पंधरा, पन्नास, पंचवीस, पंचावन्न, पासष्ट. तिकडून सिस्टरने कागदावर लिहून आणले. मेट्रनबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तपासले आणि आपल्या फाइलला लावले.

बाकी राहिलेलं: रक्तपेढीच्या जिन्यात अजून उणे ७१. तिथे एक ॲक्सेस पॉइंट वाढवायचा आहे, केबल ओढायला वायरमन गुरुवारी येतो.